गुरुजींचा अभिप्राय

बायकोची मुलाखत संगीताच्या एका पॉडकास्टवर आली. त्यात ती हसत म्हणाली होती, "इतकी वर्षं शिकतेय, पण गुरुजींनी एकदाही छान म्हटलं नाही." श्रोत्यांचे अभिप्राय मी तिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. मोडनिंबच्या एकानं लिहिलं होतं, "ताई, लई खरं बोललात की!" त्याखाली खुद्द गुरुजी होते: "ऐकलं. संध्याकाळी तानपुरा घेऊन ये."

"चिडलेत का हो?" तिनं विचारलं. एरवी स्वतःच्या शिष्यांना दरडावणाऱ्या या बाईनं ती ओळ मला पुन्हा दोनदा वाचायला लावली. गुरुपणाच्या थाटाची मी आयुष्यभर टिंगल केली. पण ती तानपुरा जुळवायला बसली, तेव्हा आवाज नको म्हणून, सोलापूरच्या भर उन्हाळ्यात, मी मुकाट्यानं पंखा बंद केला.