जिन्याचं वळण

फ्लॅट दाखवणारा माणूस कुलूप उघडून आत जायचा, दिवे लावायचा, पंखा फिरवून दाखवायचा. ती आत जायचीच नाही. जिन्याच्या वळणावर उभी राहून दोन्ही हात पसरायची. एक हात भिंतीला, एक कठड्याला. मग हात तसेच ठेवून सावकाश गोल फिरायची. आतून हाक यायची, "या ना आज्जी, ओटा बघा, ग्रॅनाईटचा आहे."

ती म्हणायची, "वळण बघू आधी."

आम्ही दोघी नगरला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचो. तिला सगळ्याजणी आक्का म्हणायच्या. ती अकोले तालुक्यातली, डोंगराकडची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. शहरात राहून राहून केस पांढरे झाले, पण बोलणं गावचंच राहिलं होतं. केंद्राला सुट्टी असली की ती मला घेऊन फ्लॅट बघायला निघायची. मलाच का, असं एकदा मी विचारलं.

"तू बोलत न्हाईस म्हनून," ती म्हणाली. "दुसरी कुनी आनली तर फरशीचं कौतुक करत बसंल."

केडगावच्या एका नव्या इमारतीत एजंट आम्हाला म्हणाला, "लिफ्ट आहे की आज्जी. जिना कशाला मोजता?"

"लिफ्टमदी मानूस आडवं मावतं का?"

"आडवं कशाला?"

"मयत झाल्यावर उभं न्हेनार व्हय?"

एजंट माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या चपलांकडे. तो म्हणाला, "शुभ बोला हो. घर बघायला आलाय तुम्ही."

"घरच बघती बाबा. आत जायचं दार तू दावलंस. भाईर जायचं मी बघती."

पुढे पुढे एजंट लोक तिला ओळखायला लागले. एक जण तर लांबूनच म्हणायचा, "वळणवाल्या आज्जी आल्या." ती हसायची. म्हणायची, "हस तू. तुलाबी जायचंच हाय. तुझ्या पोटाला तर लईच रुंद जिना लागंल."

तुम्ही म्हणाल, बाई चक्रम होती. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एकदा पोळ्या भाजता भाजता तिने नवऱ्याचं सांगितलं.

नवरा एमआयडीसीत कामाला होता. ही दोघं एका गल्लीत माडीवरच्या भाड्याच्या खोलीत राहायची, तीही पुष्कळ वर्षं. तो दवाखान्यातच वारला. गाडी त्याला घेऊन दारात आली, तर घरमालक फाटकात उभा. घरात लग्न होतं त्याच्या. तो म्हणाला, वर न्यायचं नाही. माणूस वाईट नव्हता, असं आक्काच म्हणाली. त्याने हात जोडले, डोळ्यांत पाणीही आणलं, पण फाटकातून हलला नाही. मग रस्त्यावरच अंघोळ घातली. बायांनी चारी बाजूंनी साड्या धरल्या. पाणी शेजारच्या गॅरेजमधून पाइपाने आणलं.

"गाड्या धुत्यात तिथं धुतलं त्याला," आक्का म्हणाली. "लोक येऊन जाऊन बघत हुते. वाऱ्यानं साडी उडायची."

एवढं बोलून तिने पोळी उलटली. मग म्हणाली, "भाड्याच्या घरात जगू देत्यात. मरू देत न्हाईत. मला माझ्या उंबऱ्यातनं जायचंय बाई."

नवऱ्याच्या फंडाचे पैसे तिने तसेच ठेवले होते. तेवढ्या पैशांत शहराच्या कडेला एक खोली आणि स्वयंपाकघर मिळेल, जास्त नाही. आणि तिला वेळ नव्हता, हे मला दिसत होतं. पाय सुजायचे. पीठ मळताना ती मधेच थांबून तोंडाने श्वास घ्यायची. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. "तवर टिकंल त्ये," असं ती म्हणायची.

मी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, एवढं आहे तर तळमजल्यावरचंच घर बघू.

"तळाला समदीकडं पार्किंग. गाड्यांची सोय आधी बघत्यात. आपन वर."

वळण पसंत पडलं की ती शेजार बघायची. त्याचीही तिची रीत होती. प्रत्येक दाराची कडी वाजवून पाणी मागायची. कुणी जाळीच्या दारातूनच "कोण पाहिजे?" विचारायचं. कुणी पाणी द्यायचं आणि ग्लास परत घेईपर्यंत तिच्या पिशवीकडे बघत राहायचं. कुणी दार उघडायचंच नाही, आत टीव्ही मात्र चालू असायचा. चांगल्या चांगल्या इमारती तिने अशा सोडल्या. "जित्या मानसाला पानी देईनात, मेल्याला खांदा काय देनार?" असं म्हणून उतरायला लागायची.

शेवटी जे घर तिने घेतलं ते मला अजिबात आवडलं नव्हतं. बोल्हेगावच्या बाजूला, मागे नाला. वास यायचा. पाणी टँकरचं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी ती खिडकी तिला दाखवली.

"खिडकीतनं मला कुठं न्यायचंय?" ती म्हणाली.

पण पहिल्या मजल्यावर होतं. जिना जुन्या पद्धतीचा, ऐसपैस. आणि समोरच्या दारात पाणी मागितलं तर तिथल्या मुस्लिम बाईने आत बोलावून पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पाय का सुजलेत तुमचे?" आक्का बाहेर आली ती एजंटला म्हणाली, "कागद कर."

त्या घरात ती एक हिवाळा राहिली. उन्हाळा लागताना केंद्रातच तिचा श्वास अडकला. लाटणं हातात तसंच होतं. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

गावाहून तिचा पुतण्या आला. घर आता त्याचंच होणार होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "इथनंच अमरधामला नेऊ. घरी नेऊन वर चढवायचं, परत उतरवायचं. आणि घरात मयत नेली की पुढं गिऱ्हाईक येत न्हाई."

मला परक्या पुरुषाशी बोलायची सवय नाही. तरी मी म्हटलं, "तिने घर त्यासाठीच घेतलं होतं."

"कशासाठी?"

"न्यायला. घरातून न्यायला."

त्याला कळलं नाही. तो फोन लावायला लागला. तेवढ्यात बोल्हेगावहून आलेली, समोरच्या घरातली ती बाई पुढे झाली. म्हणाली, "भाऊ, वर चढवायचं काम माझ्या पोरांचं. तुमी नका हात लावू." तिची दोन्ही पोरं मागेच उभी होती, थोराड. पुतण्याने त्यांच्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

तिच्याच गॅसवर, तिच्याच पातेल्यात आम्ही पाणी तापवलं. दार लावून घेतलं. कुणी बघत नव्हतं. अंघोळ घातली, लुगडं नेसवलं. तिच्या नखांत थोडी कणीक राहिली होती, ती मी काढली. इमारतीतली माणसं जमली. सगळी नाही, पण जमली. चादरीत घालून चौघांनी तिला उतरवलं. वळणावर कुणाला थांबावं लागलं नाही.

पुतण्याने किल्ली माझ्याकडे ठेवली. तो गावाला राहतो, गिऱ्हाईक आलं की मी दार उघडून द्यायचं. फोनवर बजावलं, "कुनी इचारलं तर गावी गेल्या म्हनून सांगा."

परवा एक जोडपं आलं. नवरा कुठल्याशा कंपनीत होता, बाई साधी, माझ्या मुलीच्या वयाची. भाड्याच्या घरांना कंटाळले होते. बाईने ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला. नाल्याच्या वासाचं काही बोलली नाही. घर त्यांच्या ऐपतीतलं होतं, दोघांच्या तोंडावर दिसत होतं. नवरा एजंटाशी बोलायला लागला तशी ती माझ्याजवळ आली.

"मावशी, इथं कुणी वारलं तर नाही ना?"

एजंटाने ऐकलं. "छे छे. आधीच्या आज्जी गावी गेल्या राहायला."

बाई माझ्याकडेच बघत राहिली.

मी म्हणाले, "वारल्या त्या दवाखान्यात. पण अंघोळ इथं घातली. इथूनच नेल्या, ह्याच दारातून."

एजंटाने कपाळावर हात मारला. नवरा काहीतरी समजूत घालायला लागला, पण बाईने पायात चप्पल सरकवली होती. ओढणी गोळा करून तिने छातीशी धरली आणि भिंतीला अंग लागू न देता, जिन्याच्या मधोमध ती खाली उतरत गेली.