दुर्गाबाईंची लेबर हापिसरी

अकोल्याच्या एका कापडगिरणीत दुर्गाबाई पाळणाघर सांभाळत. बायका कामावर चढताना लेकरं त्यांच्या हवाली करत आणि मधल्या सुट्टीत दूध पाजायला येत. वलगावच्या माहेराहून मॅट्रिक होऊन आलेली बाई. पण दिवस जायचा दुपट्यांत आणि रडारडीत. नवरा पंजाबराव मागावर होता. सासू सुंदराबाई रीलिंगमध्ये, म्हणजे सुताच्या लडी बांधायच्या खात्यात. तिथं सगळ्या बायकाच.

बासष्टच्या सुमारास अमरावतीला नोकरी करणाऱ्यांसाठी कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा वर्ग निघाला. रविवारी भरायचा. तो पुरा केला तर लेबर ऑफिसरच्या हाताखाली जागा मिळेल, असं मॅनेजर बोलता बोलता म्हणाले होते. दुर्गाबाईंनी ते मनावर घेतलं.

आठवड्याची एकच सुट्टी, तीही गेली. सकाळची पॅसेंजर, बडनेऱ्याला गाडी बदलायची, दिवसभर बाकावर, आणि अंधार पडता पडता घर. सोमवारी पुन्हा पाळणाघर. इंग्रजी पुस्तकाचं एक पान समजेपर्यंत डोळे मिटायला लागत. पहिल्याच परीक्षेत कायद्याचा पेपर गेला. त्या दिवशी चुलीपुढं बसून त्या सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, नाई होत माह्याच्यानं. सोडून देतो."

सुंदराबाईंनी पिठाची परात स्वतःकडं ओढली. "भाकरी मी टाकतो. तू वाच. तुले बसूनच तं वाचा लागते."

पुढं रविवारचं सगळं घर सुंदराबाईंनीच ओढलं. आठवडाभर गिरणीत उभं राहून पाय सुजलेले असत, तरी सून येईस्तोवर दोन्ही पोरांना जेवू घालून निजवलेलं असे. रखडत का होईना, दुर्गाबाई पास झाल्या. जागाही मिळाली. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. गिरणीत सगळे त्यांना 'हापिसरीणबाई' म्हणू लागले.

वर्षही झालं नव्हतं. गिरणीत नवी यंत्रं आली आणि रीलिंगच्या निम्म्या बायका कमी करायचं ठरलं. मॅनेजरांनी दुर्गाबाईंना बोलावलं. "तुम्हीच सांगा त्यांना. बायकांचं बायकांना बरं समजतं."

कोण जाणार हे ठरवायला अडचण नव्हती. शेवटी लागली ती आधी जाणार, हा नियम दुर्गाबाई अमरावतीला शिकल्या होत्या. त्याच पेपरात त्या नापास झाल्या होत्या, मग तो त्यांनी पाठच केला होता. नियमानं सुंदराबाई राहत होत्या, कारण त्या सगळ्यांत जुन्या. आणि रुख्मिणी जात होती. ती सगळ्यांत मागून लागलेली, आणि तिचं तान्हं पोर अजून पाळणाघरात होतं.

संध्याकाळी दुर्गाबाईंनी सासूजवळ विषय काढला. "आत्याबाई, तुमी आपल्या मनानं काम सोडसान का? नाई तं लोक म्हनतीन, सासूले ठेवलं."

सुंदराबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "नियम काय म्हनते?"

"तुमी राहाता."

"मंग मी राहातो. जलमभर उभी राहिली तिथं. तुह्या नावासाठी कावून जाऊ?"

सासूचं खरंच होतं. पंजाबराव दोघींकडे बघून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी रीलिंगमध्ये दुर्गाबाईंनी नावं सांगितली. नियमही समजावून सांगितला, दोनदा. ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. रुख्मिणी पुढं आली. "बाई, तुमी मले कायदा सांगून राहिल्या. तुमची सासू तं राहिली नं?"

"राहिली," दुर्गाबाई म्हणाल्या. यापुढं काही बोललं तर ते सारवासारव केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. रुख्मिणी पाळणाघरातून पोर उचलून निघून गेली.

राहिलेल्या बायकांनी सुंदराबाईंजवळ बसून जेवणं सोडलं. त्या एकट्याच भिंतीकडं तोंड करून भाकर खात. घरी सासू-सुनेचं बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं.

पाळणाघरातली दुर्गाबाईंची जुनी जागा तोवर भरलीच नव्हती, तिथली आया एकटीच पोरं बघत होती. ती रुख्मिणीला मिळावी म्हणून त्या मॅनेजरांकडे खेटे घालू लागल्या. मॅनेजर म्हणत, बघू. असं करता करता हिवाळा गेला, उन्हाळा लागला, आणि एकदाची परवानगी आली. रुख्मिणी तेव्हा अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडत होती. दुर्गाबाई एसटीनं तिथं गेल्या. रुख्मिणीच्या केसांवर, भुवयांवर पांढरं तूस बसलेलं होतं.

"टिकन का पन हे काम?" तिनं सगळं ऐकून विचारलं.

"सांगता येत नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "लेकरं आहेत तोवर टिकन."

रुख्मिणी आली. दुर्गाबाईंशी कामापुरतं बोले, सुंदराबाईंशी तेवढंही नाही.

पुढं दुर्गाबाई बरीच वर्षं त्या खुर्चीत होत्या. बायकांना काही वाईट सांगायचं असलं की मॅनेजर त्यांनाच पाठवत. त्या कुठल्याही खात्यात शिरल्या की बायकांचे हात थांबत आणि सगळ्या त्यांच्याकडं बघू लागत. कधी कधी त्या नुसत्या माठातलं पाणी प्यायला आलेल्या असत.