स्पिन म्हणजे काय

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. नवी नोकरी, नवं गाव, आणि पदवीचा बराच तोरा. सातवीच्या धड्यात ‘स्पिन’ हा शब्द आला. मी फळ्यावर भोवरा काढला. “स्पिन म्हणजे गरगर फिरणं.”

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, स्पिन म्हंजे सूत काढणं. माझे वडील मिलमध्ये स्पिनिंगला हायेत.”

“तिथली यंत्रं गरगर फिरतात, म्हणून ते नाव,” मी म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वर म्हणाले, “तुझ्या वडिलांना इंग्रजी येतं का?”

वर्ग हसला. मुलगी खाली बसली, आणि पुढचे दोन दिवस शाळेत आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. पहिली पाळी संपवून तसेच आले होते. केसांत, भुवयांवर कापूस.

“बाई, मला इंग्रजी येत न्हाय,” ते शांतपणे म्हणाले. “माझं चुकलं असंल तर तसं सांगा. पण पोरीला वाटतंय, बाप खोटं सांगतो.”

त्यांची समजूत घालावी म्हणून मी शिक्षकखोलीतला जाडा शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ : तंतू ओढून, पिळून धागा करणे. गरगर फिरणं बरंच खाली होतं. माझे कान तापले. तरी मी त्यांना सगळं मराठीतून वाचून दाखवलं.

त्यांनी बाहीवरचा कापूस चिमटीत धरला, ओढत ओढत पिळला. वीतभर धागा निघाला. “पीळ नसंल तर तुटतो की,” ते म्हणाले. मग काहीतरी आठवून, “आन् रेडिओवर क्रिकेटवाले स्पिन म्हणत्यात, ते?”

“चेंडूला फिरकी देणं.”

“मंजी तुमचं बी बरोबरच हाय की!”

त्यांचा हा मोठेपणा मला रागापेक्षा जड गेला. मी त्यांना वर्गात नेलं. ते चपला बाहेर काढून दाराशीच उभे राहिले. मुलींना मी दोन्ही अर्थ सांगितले आणि म्हणाले, “शब्दात मी अर्धी चुकले. पण हिला जे बोलले, ते पूर्ण चुकलं.”

मुलगी हसली नाही. कितीतरी महिने ती विचारल्याशिवाय बोलायची नाही. वार्षिक परीक्षेच्या सुमाराला एकदा तिने आपणहून हात वर केला. “बाई, ‘नी’ म्हंजे गुडघा, तर त्यात ‘के’ कशाला?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “उद्या बघून सांगते.”