दांडीवरची गिऱ्हाइकं

...तर तो करडा कोट तिथंच राहिला, कडकमावशीच्या दांडीवर. "संध्याकाळी नेतो," म्हणून गिऱ्हाईक जे गेलं, त्याची ती संध्याकाळ अजून व्हायचीच आहे! काल इथवर आलो होतो. पण गोष्ट कोटावर संपत नाही, कारण त्या दांडीवर कोट काही एकटा नव्हता. शर्ट होते, विजारी होत्या, एका ढेरपोट्याचा जाकिटासकटचा जोड होता, आणि कुणा काडीपहिलवानाचा निळ्या रेघांचा शर्टही होता. सगळे धुतलेले, सगळे कडक, आणि एकालाही न्यायला कुणी आलेलं नाही.

कडकमावशी हे नाव काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाही. आणि कडक म्हणजे स्वभावानं, असंही समजू नका. स्वभाव लोण्यासारखा, कडक होती ती इस्त्री. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात तिचं टेबल असे. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही, पण त्या टेबलावर बाईनं अख्खं आयुष्य निभावलं. समोरचा कटिंगवाला म्हणायचा, "मावशीनं घडी घातलेली बाही जपून धरा हो, तिनं दाढी होते!" लग्नाला निघालेला माणूस असो की नोकरीच्या मुलाखतीला, आधी मावशीकडे यायचा आणि ताठ मानेनं जायचा. वाकायची सोयच नव्हती, कॉलर टोचायची.

मग हात थरथर कापायला लागला. प्रथम तिनं कुणाला सांगितलं नाही. पण एके दिवशी कापता हात एका कॉलरवर जरा जास्त टेकला आणि पांढऱ्या कापडावर बिस्किटाच्या रंगाचा डाग उमटला. गिऱ्हाईक म्हणालं, "असू दे मावशी, टायखाली झाकला जाईल." मावशीनं त्याला नवा शर्ट घेऊन दिला, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि कोनाडा बंद केला. उरलेले बेवारशी कपडे मात्र वर, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत आणले आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडी ठोकून त्यावर टांगले.

भाची औषधांच्या दुकानात कामाला. ती यायची तेव्हा दर खेपेला कुरकुरायची, "अगं, तुझी एवढीशी खोली, त्यात ही परकी पुरुषमंडळी! देऊन टाक कुणाला."

"आपले असते तर दिले असते."

"आता कोण येणार आहे न्यायला?"

"ते त्यांनी ठरवायचं. आपण ठेवायचं."

इस्त्रीवाल्यांचा हा एक जुना नेम. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, विकायचा तर विचारही करायचा नाही. मावशी एक पाऊल पुढं. हवा बदलली की सगळे कपडे खाली काढायची, पाणी शिंपडायची, आणि कापरा उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून एकेकावर पुन्हा इस्त्री फिरवायची. का, तर टांगून टांगून घडी पिवळी पडते.

आता पोटाचं काय? तर सरकारची मदत होती. म्हातारं माणूस, एकटं राहणारं, कमाई नसलेलं, अशांच्या बँकेच्या खात्यात दर महिन्याला काही रक्कम पडते. त्यात मावशीच्या खोलीचं भाडं आणि रक्तदाबाच्या गोळ्या भागत. वर जे राहील त्यात एक जीव ओढूनताणून जगे. ही मदत म्हणजे मावशीची ती खोलीच म्हणा ना. मदत गेली की खोली गेली, आणि खोली गेली की भाचीचं घर. भाचीच्या दोन खोल्यांत सासू, सासरे, नवरा, पोरं. त्यात आपली मावशी कोण नेऊन ठेवतो? भाची "ये गं" म्हणाली असती. तेच तर मावशीला नको होतं.

आणि एक दिवस भाचीच्या मोबाइलवर मदत कचेरीचा निरोप आला. या आठवड्यात तपासणीस घरी येतील, कधीही येतील.

त्या 'कधीही'नं मावशी दाराकडे डोळे लावून बसली. त्यात शेजारच्या इमारतीतली म्हातारी नर्सबाई मुद्दाम जिने चढून आली आणि धापा टाकत पलंगावर बसली.

"माझं काय झालं माहीत आहे ना तुम्हाला?"

"काय झालं हो?"

"मी एकटी. चोराचिलटाला धाक असावा म्हणून दारात मोठाले बूट ठेवायची. पुरुषाचे. बाजारातून जुने आणले होते. तपासणीस आला, त्यानं बूट बघितले आणि लिहून गेला, घरात पुरुष आहे म्हणून! मदत बंद. ती परत सुरू करायला कचेरीच्या पायऱ्या चढून चढून हे गुडघे गेले माझे." एवढं बोलून नर्सबाईनं वर पाहिलं. दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची नजर फिरली आणि तोंडावर हात गेला. "अगं बाई! माझे तर नुसते बूट होते. तुमच्याकडे सगळा मोर्चाच उभा आहे!"



मावशीनं दांडीकडे बघावं तर एकेक शर्ट खांदे ताणून उभा, जणू साक्ष द्यायलाच आलेला. दूधवाला आला तरी ती उठून उभी राहायची. भाची धावत आली आणि म्हणाली, "मावशी, आज एक तरी ऐक माझं. टाकून दे हे."

"टाकायचे नाहीत."

"मग लपव तरी!"

लपवायला मावशी कशीबशी तयार झाली. कटिंगवाल्याच्या दुकानात आरशांच्या मागं एक पोटमाळा होता. त्यानं आनंदानं होकार दिला. "आणा मावशी. माझ्याकडे रोज डोकी येतात, धडं तेवढी कमी होती!" भाचीनं आणि त्यानं मिळून कपडे खाली नेले. मावशी प्रत्येकाबरोबर जिन्यापर्यंत गेली. "कोट दुमडू नका. तो खांद्यातून धर रे. अंगाला लावू नका हं कुणी."

"मावशी, मी काय लहान आहे?" कटिंगवाला म्हणाला.

कपडे गेले, पण चिंता काही गेली नाही. उलट दांडी रिकामी झाली तसं एक नवंच संकट भिंतीवर उभं राहिलं. इतक्या वर्षांच्या चुलीच्या धुरानं आणि उन्हानं भिंत तपकिरी पडली होती, आणि जिथं जिथं कपडे लटकत होते तिथं ती पांढरीची पांढरी राहिली होती. खांदे, बाह्या, कोटाची रुंद पाठ, सगळी भिंतीवर उमटलेली! पूर्वी नुसते कपडे होते, आता चक्क माणसं उभी राहिली. मावशीनं ओल्या फडक्यानं भिंत घासून पाहिली, तर पांढरं आणखी पांढरं झालं. शेवटी तिनं तिथं चादर टांगली. मग चादरीकडे बघून तिलाच वाटायला लागलं, कुणीही विचारील, हिच्यामागं काय आहे.

बसून बसून ती उत्तरं पाठ करू लागली. 'एकट्या राहता?' 'हो, एकटी.' 'कुणी येतंजातं?' 'भाची येते.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण घोकता घोकता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. खरं बोलणाऱ्याला पाठांतराची सवय नसते, त्याचं हे असं होतं.

आणि आला एकदाचा तपासणीस. पोरगेलासा, खांद्याला पिशवी, घामानं डबडबलेला, शर्ट असा चुरगळलेला की जणू गाईनं चघळून टाकलाय. ज्याच्याकडे जायचं त्याच्याबद्दल आधी आजूबाजूला विचारायचं, ही त्यांची पद्धत. तो शिरला तो थेट कटिंगवाल्याच्या दुकानात.

"वरच्या म्हाताऱ्या बाई एकट्याच राहतात?"

"एकदम एकट्या, साहेब! चला, मीच दाखवतो खोली," कटिंगवाला उत्साहानं म्हणाला. माणूस मदतीला धावणारा. आणि धावणारा माणूस आपण काय घातलंय ते बघत नाही.

सकाळी त्याच्या हातून केसांचा काळा रंग सांडला होता, त्याच्याच अंगावर. गिऱ्हाइकांसमोर तसं कसं राहायचं, म्हणून त्यानं पोटमाळ्यावर हात घातला आणि हाताला लागला तो शर्ट घातला होता. निळ्या रेघांचा.

मावशीनं दार उघडलं. तपासणीस पुढं, कटिंगवाला मागं. मावशी पाठ केलेलं पहिलं वाक्य बोलणार, तोच तिची नजर मागं गेली. क्षणभर तिनं दातावर दात धरून ठेवले. गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. पण रंगाचा हात पुसताना कटिंगवाल्यानं त्याच शर्टाच्या पोटाला बोटं लावली, आणि मावशीचा बांध फुटला.

"काढ! आधी काढ तो शर्ट! गिऱ्हाइकाचा आहे!"

कटिंगवाल्याचा चेहरा पडला. "मावशी... साहेब आहेत..."

"साहेब असू देत, नाहीतर साहेबांचे साहेब! तुला सांगितलं होतं ना, अंगाला लावू नकोस म्हणून?"

तपासणीसानं पिशवी खाली ठेवली. "बाई, हा शर्ट तुमच्या घरातला आहे?"

संपलं. मावशी पलंगाच्या कडेला टेकली. घोकलेलं सगळं कुठल्या कुठं उडालं होतं. तिनं फक्त हो म्हणून मान हलवली.

"पुरुषाचे कपडे तुमच्याकडे कशाला?"

मावशीनं कटिंगवाल्याला सांगितलं, "जा. सगळे घेऊन ये." आणि स्वतः उठून भिंतीवरची चादर ओढून काढली.

कटिंगवाला बनियनवर खाली पळाला. रेघांचा शर्ट हातावर जपून धरला होता. दोन खेपांत त्यानं सगळे कपडे आणले. मावशी एकेक हातात घेऊन, खांदे झटकून दांडीवर चढवत गेली. करडा कोट भिंतीवरच्या आपल्या पांढऱ्या जागेवर बरोब्बर जाऊन बसला. तपासणीस एकेकाजवळ जाऊन बघू लागला. त्यानं ढेरपोट्याचं जाकीट हातानं रुंद करून पाहिलं, शेजारी रेघांचा शर्ट धरला.

"यातला घरात राहतो तो कोणता?" त्यानं विचारलं, पण त्याचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता.

"साहेब," कटिंगवाला दारातून म्हणाला, "हा पोटानं सुटलेला, तो बांबूसारखा, तो पलीकडचा बुटका. मावशीनं इतके नवरे केले असते तर आम्हाला नसतं कळलं?"

"तू गप रे," मावशी म्हणाली.

मग तिनं सांगितलं. कोनाडा, कॉलर, दांडी, सगळं. तपासणीस ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं एका बाहीच्या घडीवर बोट फिरवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण ही इस्त्री ताजी आहे, बाई. म्हणजे काम चालू आहे. म्हणजे कमाई आहे."

हे आगीतून फुफाट्यात! पुरुषाचा ठपका टळला तर हा कमाईचा. मावशी दांडीला धरून उभी राहिली. हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता, त्याबरोबर दांडी कापत होती, आणि दांडीवरची सगळी मंडळी हळूहळू माना नसलेले खांदे हलवत होती.

"साहेब," ती म्हणाली, "इस्त्रीचे पैसे गिऱ्हाईक कधी देतं?"

"कपडे नेताना."

"मग हे नेलेत का?"

तपासणीसानं दांडीकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो पलंगावर बसला, मांडीवर कागद घेतला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. मावशीला पेनाचा प्रत्येक आवाज ऐकू येत होता. लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचलं, "एकट्या राहतात. कमाई नाही. मदत चालू ठेवावी."

मावशीनं दांडीवरचा हात सोडला.

तपासणीस जायला उठला. दारात जरा थांबला, चुरगळलेल्या शर्टावर उगीच हात फिरवला, आणि अर्धवट हसत, अर्धवट कचेरीच्या सुरात म्हणाला, "पण एक आहे हं मावशी. उद्या यातलं कुणी आलंच आणि त्यानं पैसे दिले, तर ती कमाई धरतात. आम्हाला कळवावं लागेल."

मावशी म्हणाली, "येऊ तर द्या हो एकदा! पैसे सगळे तुम्हीच न्या, साहेब. मला त्याला एवढंच विचारायचंय, की मेल्या, इतकी वर्षं चुरगळलेलं घालून हिंडत होतास का?"