कमरेएवढी माती

राहुरीत आमच्या शेजारी एक निवृत्त माळी राहतात. जन्मभर रोपवाटिकेत उकिडवं बसून त्यांचे गुडघे गेले, पण गुडघ्यांबद्दल ते कधी बोलत नाहीत. "मी खाली जात न्हाई आता, मातीलाच वर बोलावलंय," एवढंच म्हणतात.

निळे ड्रम उभे चिरून त्यांनी लोखंडी स्टँडवर आडवे ठेवलेत. त्यांत मेथी, पालक, मिरची. खुरप्याला लांब दांडा बांधलाय. बादली उचलवत नाही म्हणून पाणी तांब्यानं घालतात, आणि प्रत्येक रोपाला हळूच "घे" म्हणतात. जमिनीतले गुलाब मात्र त्यांनी उपटून वाटून टाकले. "वाकायला लावनारं झाड नको."

मी हे रोज भिंतीपलीकडून बघतो. म्हातारपण किती नेटकं सांभाळलंय, असं मनाशी म्हणतोही. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान आहे.

परवा मी अंगणातलं गवत काढून उठलो, तर ते फाटकातून आत आले. "सर, जरा सरळ उभं ऱ्हावा." खुरप्याचा दांडा माझ्या कमरेशी धरून त्यांनी त्यावर नखानं खूण केली आणि परत गेले.

आज सकाळी आमच्या दारात एक चिरलेला ड्रम होता, स्टँडसकट, मातीनं भरलेला. मी म्हणालो, "अहो, मला कशाला एवढ्यात?"

"वरीस झालं, उठताना तुमी तुळशीचा कट्टा धरता," ते म्हणाले. "मी बी रोज बघतो, सर."