‘कशावरून?’ म्हणणाऱ्या सिस्टर

आमच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा सिस्टरांनी ‘पेशंट कुठे आहे’ असं विचारलंच नाही. चपला काढल्या, हात धुवायला साबण मागितला आणि टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या माझ्या आईला विचारलं, “या घरात भांडण कोण करतं?”

आई गडबडली. “आम्ही नाही हो भांडत,” असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं. बायकोने घड्याळाकडे बघितलं.

“म्हणजे अण्णाच करत असणार,” सिस्टर म्हणाल्या. “आणि आता करत नाहीत. कधीपासून बंद झालं?”

अण्णा म्हणजे माझे वडील. चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, घराच्या मागच्या दारापासून सुरू होते. वाडीत पाणी खेळवायचे पाट आहेत. त्यातल्या एका शेवाळलेल्या कडेवरून अण्णांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं. उत्तम झालं असं सगळे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या लोकांनी त्यांना धरून उभंसुद्धा केलं. पण घरी आणल्यावर अण्णा कॉटवर पडले ते पडलेच. दोन घास खायचे, भिंतीकडे तोंड करायचे. टाचा लाल व्हायला लागल्या, छातीत कफ घुरघुरायला लागला. रेवदंड्याचे डॉक्टर येऊन बघून गेले. मला अंगणात घेऊन म्हणाले, “उठले तर अजून खूप वर्षं आहेत. नाही उठले तर हाड जुळेल आणि माणूस जाईल.” आणि त्यांनीच या सिस्टरांना पाठवलं.

सिस्टर मूळच्या म्हसळ्याच्या. नर्सिंगची पदवी घेतलेली, आणि ती घेतलीय हे दोन वाक्यांत समोरच्याला कळेल अशी व्यवस्था त्या करत. चण ठेंगणी, चाल भरभर, आवाज असा की पलीकडच्या आळीतल्या पेशंटलाही गुण यावा. आणि तोंडात एकच शब्द: ‘कशावरून?’

आमच्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की समाचाराला सगळी आळी येते. येताना शहाळं आणते आणि जाताना एक सिद्धान्त ठेवून जाते. शेजारच्या बायजाकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “पडल्याल्या मानसानं हाड जुळंपत्तुर हलू न्हाय.”

“कशावरून?” सिस्टर.

“आमच्या सासऱ्यांचं तसंच केलंतं.”

“मग चालले सासरे?”

“न्हाय. वारले.”

बायजाकाकूच जरा विचारात पडल्या आणि शहाळं तसंच हातात घेऊन घरी गेल्या.

हा प्रश्न फक्त शेजाऱ्यांसाठी होता असं मात्र नाही. डॉक्टरांनी फोनवर गोळी बदलायला सांगितली तरी या विचारायच्या, कशावरून? डॉक्टर बिचारे सांगायचे. मी एकदा मोबाइलवर वाचून हळदीचा काहीतरी फायदा सांगितला, तेव्हा त्यांनी प्रश्नही विचारला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि कधीकधी त्या स्वतःलाच विचारायच्या. अण्णांची टाच बघता बघता पुटपुटायच्या, “दुखतंय म्हणून उठत नाहीत. कशावरून?” हे ऐकलं की आमचा धीर सुटायचा. घरातल्या सगळ्यांना काही कळत नसलं तरी चालतं, पण ज्यांना पैसे देऊन बोलावलंय त्यांना तरी कळायला हवं, अशी आमची अपेक्षा होती.

त्यांचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. “चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते देवालाही कळणार नाही,” असं त्या म्हणायच्या. आमच्या घराला हे जमणं शक्यच नव्हतं. आम्ही आजारी माणसाला लग्नातल्या पाहुण्यासारखं वागवतो, एकाने वाढलं की दुसराही वाढतो. सिस्टरांनी ठरवलं, व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची, एवढाच बदल, आणि मग बघायचं. त्याच दिवशी आईने लेप लावला, बायकोने तळा गावाहून कुठल्याशा वैदूचं तेल मागवलं, आणि मी अण्णांचा पलंग पूर्वेला तोंड येईल असा फिरवला. संध्याकाळी सिस्टर आल्या, नाकाने वास घेतला, पलंगाकडे बघितलं आणि खुर्चीत बसून राहिल्या. “आता मी काय बघू?” एवढंच म्हणाल्या.

गोळीने दुखणं कमी झालं. अण्णा स्वतःच म्हणाले, दुखत नाही. पण उठेनात. मग सिस्टरांना वाटलं, पुन्हा पडायची भीती असेल. तेव्हा वॉकर कसा धरायचा ते कुणीतरी करून दाखवू या असं ठरलं, आणि घरातला सगळ्यांत धडधाकट म्हणून मला पुढे केलं. मी वॉकर पुढे टाकला, पाय टाकला, पुन्हा वॉकर टाकला, आणि पोट मध्ये आल्यामुळे की काय, माझा पाय त्याच्या पायात अडकला. नेमके त्याच वेळी समाचाराला दोघं जण दारात आले. त्यांनी धावत येऊन मला धरलं, खुर्चीत बसवलं आणि “कधी झालं ऑपरेशन?” असं प्रेमाने विचारलं. अण्णा हे सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं असं आई म्हणते. मला ते दिसलं नाही. भीती कमी झाली की वाढली हेही कुणाला कळलं नाही.

मग येणाऱ्यांवर बंदी झाली. येणारा प्रत्येक जण खुबा मोडलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतला माणूस शेवटी मरतो, असं सिस्टरांच्या लक्षात आलं होतं. दार लोटून घेतलं. त्यानंतर अण्णा दोन घासांवरून एका घासावर आले. सिस्टरांनी बंदी उठवली. “चुकलं माझं,” त्या सरळ म्हणाल्या. “माणसं हवीत त्यांना. मेलेली चालतील, पण हवीत.” आमचा गोंधळ पूर्ण झाला होता. कधी नाही ते मी आणि बायको एका बाजूला झालो आणि या बाई बदलाव्यात का, अशी कुजबूज करायला लागलो.

त्यांच्यात आणखी एक गोष्ट होती, जी आमच्या घरात कुणालाच येत नाही. त्यांना गप्प बसता यायचं. एका दुपारी त्या अण्णांच्या उशाशी बसल्या होत्या, मी खिडकीत पेपर वाचत होतो. मागे वाडीत पंप सुरू झाला. अण्णांनी डोळे मिटले आणि चादर मुठीत धरली.

“काय झालं?” सिस्टर.

“काही नाही.”

सिस्टर थांबल्या. मी काहीतरी बोलणार होतो, त्यांनी हाताने मला गप्प केलं. पंप चालू होता. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, “भर दुपारी पाणी लावलंय. आपला माणूस दुपारी लावत नाही.” आणि मग, भिंतीकडे बघत, “वाडी दिली ना यांनी कुणाला?”

सिस्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही उठत का नाही, अण्णा?”

“उठून जाऊ कुठं?” अण्णा म्हणाले. “संडासात?”

सिस्टर तशाच स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग. आईने पातेलं खाली ठेवलं आणि रडायलाच लागली. अण्णा दवाखान्यात असतानाच तिने वाडी गावातल्या नथूला मक्त्याने, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, देऊन टाकली होती. त्यांच्या डोक्याला काही ताप नको, आयुष्यभर पाण्यामागे धावले, आता आरामात पडू देत, एवढाच तिचा हेतू. त्यांना कळू द्यायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. कॉटपाशी जाणारा प्रत्येक जण रोज न चुकता सांगायचा, “वाडीची काळजी करू नका हं, सगळं व्यवस्थित चाललंय.” आणि ते ऐकून अण्णा रोज थोडे जास्त भिंतीकडे वळायचे. तुमच्यावाचून सगळं व्यवस्थित चाललंय, हे आम्ही त्यांना औषधासारखं तीन वेळा पाजत होतो.

“मी दुखणं आणि भीती एवढंच धरून बसले,” सिस्टर म्हणाल्या. “आता त्यांना खरं सांगा.”

“धक्का बसला तर?” आईने विचारलं.

“बसेल कदाचित. मला माहीत नाही.”

आईने सांगितलं. एखाद्या गोष्टीत असतं तसं अण्णा उठून बसतील, निदान रागावतील, असं मला वाटलं होतं. अण्णांनी आईशी बोलणंच सोडलं. जेवण परत पाठवलं. मी सिस्टरांवर भडकलो. ओटीच्या पायरीवर त्या बसल्या होत्या, त्यांना म्हणालो, “खरं सांगून बरं वाटतं हे कशावरून?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तेच विचारत बसलेय मघापासून.” मला उत्तर हवं होतं. त्या रडवेल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितला, दुसरं काय करणार.

नंतरचे काही दिवस काय काय झालं ते नीट लावणं आजही मला जमत नाही. डॉक्टरांनी कफाचं औषध बदललं. आई देवळात जाऊन कौल लावून आली, उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला. बायकोने तेलाची दुसरी बाटली उघडली. बायजाकाकूंनी स्वतःचा सिद्धान्त मागे घेऊन नवा आणला. आणि एका सकाळी नथू मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं होतं की तो आपणहून आला, यावरही आमच्या घरात दोन मतं आहेत.

“अन्ना, खालच्या सुपारीला पानी पोचत न्हाय,” तो म्हणाला.

नथू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा.

“पाट साफ केलास?” भिंतीकडूनच आवाज आला.

“व्हय.”

“खोटं.”

“न्हाय वो, आईशप्पत, साफ केला.”

अण्णा वळले. कोपरावर उठले. “दाखव,” म्हणाले. मग माझ्याकडे बघून ओरडले, “बघत काय उभा राहिलास? ते घोडं आण इकडं!”

घोडं म्हणजे वॉकर हे मला लागलीच समजलं नाही, म्हणून पहिली शिवी मी खाल्ली. सिस्टर नुकत्याच अंगणात आल्या होत्या. इतके दिवस ज्या ‘उठा, उठा’ म्हणत होत्या, त्याच आता “थांबा, थांबा, सावकाश, आधी चांगला पाय नाही, वॉकर, मग दुखरा” असं ओरडत मागे धावल्या. अण्णा मागच्या दारातून पाटापर्यंत गेले. पाटात झावळीचे तुकडे होते. तिथे उभं राहून त्यांनी नथूचा जो उद्धार केला तो दोन वाड्यांपलीकडे ऐकू गेला. आई चुलीपाशी उभी राहून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. संध्याकाळी अण्णांनी तिच्याशी भांडण काढलं, आमटीत मीठ नाही म्हणून. ते भांडण आम्ही सगळ्यांनी दारात उभं राहून ऐकलं.

त्यानंतर अण्णा रोज चालले. वाडी नथूकडेच राहिली, पण तिथे उभं राहून नथूला चुका दाखवणं हा अण्णांचा नवा धंदा झाला. गुण कशाने आला याबद्दल आई कौलाचं नाव घेते, बायको तेलाचं, डॉक्टर गोळीचं. नथू म्हणतो, शिव्यांनी. मी सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सगळं एकदम केलंत ना तुम्ही. आता कसं सांगू?” आणि जरा थांबून, “पण चालले.” त्या ‘चालले’मध्ये पदवी वगैरे काही नव्हतं, नुसता आनंद होता.

अण्णा काठीवर चालायला लागल्यावर सिस्टरांच्या फेऱ्या कमी व्हायला हव्या होत्या. पण त्या यायच्या दिवशी अण्णांचं काहीतरी दुखायचंच. कधी गुडघा, कधी पाठ, एकदा तर कान. सिस्टर गंभीरपणे कान बघायच्या, चहा घ्यायच्या, आळीतल्या बातम्या ऐकायच्या. मग त्यांना दूर, नागपूरच्याही पलीकडे, कायमची नोकरी लागली. सांगायला आल्या तेव्हा अण्णांचं काहीच दुखलं नाही.

निघायच्या दिवशी त्यांना नाक्यावर रोह्याची एसटी पकडून पुढे म्हसळ्याला जायचं होतं. अण्णा म्हणाले, मी येतो सोडायला. नाका तसा लांब. मी रिक्षा बोलावतो म्हणालो तर दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. काठी टेकत, मध्ये मध्ये थांबत अण्णा नाक्यापर्यंत गेले. सिस्टर त्यांच्या बाजूने, हात न लावता. मी बॅग घेऊन मागे.

गाडी वळणावर दिसली तेव्हा अण्णांनी विचारलं, “सिस्टर, तुमच्या घरी कोण असतं?”

सिस्टर एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा अडखळल्या. मला एकदम जाणवलं की आमच्या घरातलं कोण कुणाशी का बोलत नाही इथपर्यंत त्यांना ठाऊक होतं, आणि आम्हाला त्यांचं म्हसळ्यापलीकडे काही माहीत नव्हतं. त्या हसल्या. “मोठी गोष्ट आहे अण्णा. गाडीत चढता चढता सांगण्यासारखी नाही.”

“मग पुढच्या गाडीनं जा,” अण्णा म्हणाले.

गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून आमच्याकडे बघितलं. सिस्टरांनी गाडीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि थांब्यावरच्या बाकावर बसल्या. कंडक्टरने घंटी मारली. अण्णा मला म्हणाले, “तू जा तिकडं, चहा घे.”

मी समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला, मग दुसरा घेतला. सिस्टर बोलत होत्या. मधेच एकदा त्यांनी ओढणीने तोंड पुसलं. काय बोलणं झालं ते अण्णांनी पुढे मला कधी सांगितलं नाही, आईलाही नाही. विचारलं की म्हणतात, तुला काय करायचंय. सिस्टर पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत.

बाकावर तिघं बसतील एवढी जागा होती. पण पुढची गाडी येईपर्यंत अण्णा, काठीवर दोन्ही हात ठेवून, त्यांच्यासमोर उभे होते.