मागच्या चाकाचं हब

माझ्या मुलीच्या डर्ट बाईकचं मागचं हब मी खराब केलं आणि दोष तिच्यावर ढकलला. ती तेव्हा सातवीत होती. ती अकरावीला जाईपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

गाडी सेकंडहँड होती. माझ्या मेव्हण्याचं लातूरला लेथचं दुकान आहे. त्याच्या ओळखीनं ती हैदराबादहून आली होती. लहान मुलांसाठी असते तशी, बुटकी, पेट्रोलवर चालणारी, जाड खाचांच्या टायरांची. आम्ही नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला राहतो. तिथं तेव्हा प्लॉट पडले होते, पण घरं थोडी होती. रस्त्यासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगांवरून मुलगी गाडी उडवायची आणि मी कडेला उभा राहून ओरडायचो.

पुढं मागच्या चाकाचं बेरिंग वाजायला लागलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पाने-पक्कड घेऊन बसायची हौसही आहे, म्हणून बेरिंग मीच बदलायला घेतलं. हब म्हणजे चाकाचा मधला भाग. त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक बेरिंग असतं आणि दोन्हींच्या मधे, हबच्या पोटात, एक लोखंडी नळी असते. चाकातून आरपार जाणारा दांडा, म्हणजे एक्सल, काढला की ती सैल पडते आणि चाक हलवलं की खडखडते. मला ती खडखड सहन झाली नाही.

आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंप झाला तेव्हा मी बारावीत होतो. आमची माणसं वाचली, घर गेलं. नंतर बराच काळ आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढला. जमीन अधूनमधून हलायची आणि सगळ्यात आधी पत्रे वाजायचे. वडील रोज संध्याकाळी पाना घेऊन शेडभोवती फिरायचे आणि एकेक नट आवळायचे. त्यांच्यामागून मीही आवळायचो. वाजतं ते वाईट, घट्ट ते चांगलं, एवढंच त्या वयात अंगात भिनलं. आमच्या गावच्या माझ्या वयाच्या माणसांच्या घरी अजूनही डब्यांची झाकणं बायकापोरांना उघडत नाहीत.

तर मी ती नळी काढून टाकली. नवीन बेरिंगं बसवली, पान्याच्या दांड्याला पाइप लावून एक्सलचा नट अंगातल्या सगळ्या जोरानं आवळला. खडखड थांबली. चाक हातानं फिरवलं तर जड जात होतं. नवीन आहे, फिरून फिरून मोकळं होईल, असं मी स्वतःला सांगितलं.

ते मोकळं झालं नाही. नळी नसली की नट आवळताना दोन्ही बेरिंगं आतल्या बाजूला दाबली जातात. बेरिंग अडकलं की ते अख्खंच हबमध्ये फिरायला लागतं आणि हबचं ॲल्युमिनियम आतून खात जातं. काही आठवड्यांनी चाक डुलायला लागलं आणि एका वळणावर मुलगी पडली. मी धावत गेलो. तिला उठवलं, मग चाक धरून हलवलं. ते इकडून तिकडं हलत होतं आणि हब तव्यासारखं तापलं होतं. त्याच क्षणी मला नळी आठवली.

"पप्पा, काय झालं हिला?" तिनं विचारलं.

तिच्या कोपरातून रक्त येत होतं. ते माझ्यामुळं येत होतं, हे मला पेलवलं नाही. मी म्हणालो, "काय होणार? उड्या मारू नको म्हणून किती वेळा सांगितलं! घालवलंस ना हब?"

गाडी जिन्याखाली गेली. पाहुणे आले की मी हसत हसत सांगायचो, "आमची पोरगी लोखंडसुद्धा मोडते." सगळे हसायचे. तीही हसायची. हळूहळू तिनं मिक्सरला हात लावणं सोडलं, आईचा नवा फोन घेणं सोडलं. दहावीत असताना तिच्या मॅडम मला म्हणाल्या, "सर, मुलगी हुशार आहे, पण प्रयोगाच्या तासाला काचेच्या कशालाही हात लावत नाही. माझ्याकडून फुटेल म्हणते." त्या संध्याकाळी मी तिला खरं सांगायला हवं होतं. दहावीचं वर्ष आहे, उगाच जुनं कशाला उकरा, असं म्हणून मी गप्प बसलो.

दहावीनंतर आमच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं जातात तशी तीही क्लाससाठी लातूरला गेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिला हॉस्टेलवर सोडून परत येताना, या हातांनी ती सुई कशी धरणार, एवढं एकच माझ्या मनात होतं.

मेव्हण्याच्या धाकट्याला ती गाडी हवी होती. म्हणून एका रविवारी चाक पोत्यात घालून मी एसटीनं लातूरला गेलो. मुलीला दुपारनंतर सुट्टी होती, तीही दुकानात आली.

"या दाजी!" मेव्हणा म्हणाला. "पोरीला भेटायला आलाव का चाकाला?"

त्यानं बेरिंगला नुसतं बोट लावलं, तर ते हातात आलं. "आरं देवा! ठोकायची गरजच न्हाई की. भाचे, लई उडवलीस गं गाडी!"

"हाव मामा," ती म्हणाली. "मीच घालवलं ते. पप्पांना विचारा, सगळ्या नांदेडला माहीत आहे."

"उड्यांनी रिम वाकती. हब आतून असं न्हाई झिजत." त्यानं आत बॅटरी मारून पाहिलं. "दाजी, मधली नळी कुठाय?"

नळी नव्हतीच, हैदराबादहून गाडी तशीच आली, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"धर गं जरा हे," म्हणत त्यानं चाक तिच्यापुढं केलं. तिनं दोन्ही हात मागं घेतले. "नको मामा. माझ्याकडून पडेल."

"नळी मी काढली होती," मी म्हणालो.

"तुमी? आन् कशापायी?"

"खडखडत होती."

"ती खडखडतीच की! एक्सल आवळला की गप बसती." तो मोठ्यानं हसला. "सायन्सचं मास्तर हायत आमचे!" मग भाचीच्या तोंडाकडं पाहून त्यानं हसू आवरलं आणि चाक घेऊन लेथकडं गेला.

त्यानं हबचं झिजलेलं तोंड कातून मोठं आणि गोल केलं. त्यात बसेल अशी कडी केली, हब गरम करून ती आत दाबली. थंड झाल्यावर ती कडी आतून बेरिंगच्या मापाला कातायची होती आणि नवी नळी कापायची होती. हब थंड होईपर्यंत आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. समोरून पाठीला सॅक लावलेली पोरं घोळक्यानं जात होती.

"तुम्हाला कधी कळलं, पप्पा?"

"तू पडलीस त्याच दिवशी. चाक हलवलं तेव्हाच."

ती म्हणाली, "मी पाहुण्यांसमोर हसायचे."

"हो," मी म्हणालो. "तू काहीच मोडलं नव्हतंस. ना ते हब, ना दुसरं काही. माझी चूक झाकायला मी तुला मोडतोड करणारी ठरवलं, आणि तू ते खरं मानत गेलीस हे दिसत असूनही मी गप्प राहिलो. ज्यांच्या ज्यांच्यासमोर मी ते बोललो, त्या सगळ्यांना आता मी स्वतः खरं सांगेन. मला माफ कर, बाळा."